रज्जुसर्पाची साक्ष

ज्याने ते घेतले नाही त्याने त्याविषयी बोलू नये, आणि घेऊनही जो आमच्यासारखे बोलत नाही त्याने ते नीट घेतलेच नाही, अशा अर्थाची दोन विधाने एकाच वक्त्याच्या तोंडून अवघ्या दहा मिनिटांच्या अंतराने ऐकण्याचा योग मला गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात आला. आणि ज्या मनुष्याने आयुष्याची पस्तीस वर्षे दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत, त्यांतली शेवटची नऊ शिरस्तेदार म्हणून, दुसऱ्यांच्या जबान्या आणि दस्तऐवज लावण्यात घालवली, त्याला त्या रात्री झोप लागली नसेल तर त्याचा दोष त्याच्या वयाला देऊ नये.

वक्ते सुविद्य आहेत, परदेशी मोठ्या हुद्द्यावर राहून आलेले आहेत आणि त्यांचा आवाज गोड आहे, हे प्रथमच नमूद करून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याविषयी चांगले बोलण्याची संधी मिळेलच असे नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात इकितोस नावाचे एक शहर आहे. देशाच्या इतर भागांतून तेथे जाण्यास मोटाररस्ता नाही, जावे तर विमानाने किंवा नदीने. त्या शहराजवळच्या अरण्यातील एका निवासी शिबिरास जाऊन हे गृहस्थ चार रात्री आयावास्का नामक काढा प्याले, आणि परत आल्यापासून ते जे करतात त्याला ते 'अनुभवकथन' म्हणतात. भाषणानंतर प्रश्न विचारण्याची मुभा होती. मी उठून एवढेच विचारले, की रात्री जे दिसले ते खरे कशावरून? त्यांनी स्मितपूर्वक मला उलट विचारले, "आपण घेतले आहे का?" मी म्हणालो, "तीन वेळा. त्याच शहराजवळ." सभेत थोडी खसखस पिकली. वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग आपण शरण गेला नसाल." टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. प्रस्तुत लेख हा त्या खाली बसण्याचा उत्तरार्ध होय.

ज्या वाचकांना हे प्रकरण सर्वस्वी नवीन असेल त्यांच्यासाठी मामला थोडक्यात सांगतो. केचुआ भाषेत 'आया' म्हणजे मृतात्मा आणि 'वास्का' म्हणजे दोरी किंवा वेल. तेव्हा आयावास्का म्हणजे मृतात्म्यांची दोरी. वनस्पतिशास्त्रात या वेलीस बॅनिस्टेरिऑप्सिस कापी म्हणतात. तिचे खोड कुटून त्यात चाक्रूना नावाच्या झुडपाची पाने मिसळतात आणि ते मिश्रण तासन् तास उकळून आटवतात. पानांत डीएमटी नावाचे द्रव्य असते. पण ते नुसते पोटात गेले तर आतड्यातील व यकृतातील एक विकर त्याचा तेथल्या तेथे निकाल लावते आणि पिणाऱ्याला काहीच होत नाही. वेलीतली हार्मीन, हार्मलिन इत्यादी द्रव्ये त्या विकराचे हात बांधून ठेवतात, म्हणून पानांतले द्रव्य मेंदूपर्यंत सुखरूप पोहोचते. या हार्मलिनचे नाव ज्या वनस्पतीवरून पडले ती हर्मल आपल्याकडील हकिमांच्या परिचयाची आहे. तिच्या बियांची धुरी देण्याची चालही जुनी आहे. हजारो वनस्पतींच्या त्या अरण्यात ही एक वेल आणि हे एक पान यांची सोयरीक कोणी व कशी जमवली याचे आश्चर्य मलाही वाटते. १८५२ साली रिचर्ड स्प्रूस नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने वाउपेस नदीच्या काठी तुकानो लोकांत हे पेय पाहिले व वेलीस शास्त्रीय नाव दिले. पण नाव देण्यापूर्वीही वेल होती आणि तिचे जाणकारही होते.

आता वक्त्यांचे म्हणणे. पहिले, आयावास्का म्हणजे दुसरे तिसरे काही नसून वेदांमधला आपला सोम होय. दुसरे, त्याची एक रात्र म्हणजे दहा वर्षांची साधना. तिसरे, ते निसर्गाने दिलेले असल्यामुळे निरुपद्रवी आहे. चौथे, तिथले म्हातारे वैदू, त्यांची गाणी, धूर आणि पथ्य हा सगळा लोकरूढीचा पसारा असून खरा गुरू ती वनस्पतीच. आणि पाचवे, ज्यावर बाकीचे चारही उभे आहेत, ते असे की हा अनुभव स्वयंप्रमाण असून त्यास बाहेरच्या पुराव्याची गरज नाही. त्यांच्या बोलण्यातील बारकावे माझ्या कानांतून निसटले असतील तर तो दोष सभागृहातील पंख्यांचा समजावा.

दुसऱ्या मुद्द्यास एक ओळ पुरे: एका रात्रीस दहा या हिशेबाने हे गृहस्थ चाळीस वर्षांचे तपस्वी ठरतात, पण ध्वनिक्षेपक दोनदा खरखरला तेव्हा तो सांभाळणाऱ्या बिचाऱ्या पोराकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले ती साधनेच्या पहिल्या पंधरवड्यातली होती. तिसऱ्या मुद्द्यास दोन ओळी: निसर्गाने धोतरा, कण्हेर आणि बचनागही दिले आहेत, आणि धोतऱ्याच्याच कुळातले 'तोए' नावाचे झाड काही ठिकाणी याच काढ्यात घालतात, ते जीवघेणे ठरू शकते, शिवाय खिन्नतेवरील आधुनिक गोळ्या घेणाऱ्याने, हृदयविकाऱ्याने किंवा ज्याचे मन पूर्वी एकदा भ्रमिष्ट होऊन गेले आहे अशाने हा काढा घेणे म्हणजे विस्तवाशी खेळ होय. 'इच्छुकांसाठी इकडेही काही व्यवस्था होऊ शकेल' असे वक्ते जाता जाता सूचकपणे म्हणाले. डीएमटी हे द्रव्य १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या परिशिष्टात समाविष्ट आहे, ही माहिती मी त्यांना येथे विनामूल्य पुरवतो.

सोमाच्या मुद्द्यावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तो निघाला की सभागृहातील अर्ध्या माना आपोआप डोलू लागतात. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात ११४ सूक्ते असून ती सारी सोमाची आहेत, आणि सोम कसा करीत याविषयी ती मुळीच मुग्ध नाहीत. सोम डोंगरावरून येतो, दगडांनी कुटला जातो, त्याचा रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळला जातो, त्यात दूध, दही किंवा यव मिसळले जातात, आणि सकाळ, दुपार व सायंकाळच्या सवनांत त्याच दिवशी तो अर्पण करून प्राशन केला जातो. त्याला चुलीवर चढवून तासन् तास आटवल्याचा मागमूस नाही. आयावास्का ही सखल, दमट अरण्यातली वेल. ती उकळल्याखेरीज, आणि दुसऱ्या झाडाचे पान मिसळल्याखेरीज, वक्त्यांनी वर्णिलेला चमत्कार करीत नाही. एक पेय पिळायचे, दुसरे शिजवायचे. एकात गाईचे दूध, दुसऱ्याबरोबर मिठालाही बंदी. उसाचा रस आणि अमृततुल्य चहा दोन्ही पेल्यातून मिळतात म्हणून ते एकच, असा हा न्याय झाला.

हा वाद मला नवा नाही. पूर्वी आमच्याच वाचनालयात विमान, अग्निबाण, दूरध्वनी हे सर्व क्रमाक्रमाने आपले ठरवून झाले आहे, आणि प्रत्येक वेळी शंका काढणाऱ्यास 'तुम्हाला पूर्वजांचा अभिमान नाही' असे ऐकावे लागले आहे. मला पूर्वजांचा अभिमान आहे. दुसऱ्याच्या पूर्वजांचा माल आपल्या पूर्वजांच्या नावे लावण्याइतका तो दरिद्री नाही, एवढेच. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर एकस्व दिले गेले तेव्हा आपण सर्व, आणि सर्वांत मोठ्याने हीच मंडळी, हळद आमच्या आजीची म्हणून ओरडलो, आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. तसाच प्रकार या वेलीबाबतही झाला. १९८६ साली एका अमेरिकनाने तिच्या एका वाणावर एकस्व मिळवले. अॅमेझॉनच्या आदिवासींनी हरकत घेतली. १९९९ साली ते रद्द झाले, २००१ साली पुन्हा बहाल झाले आणि २००३ साली मुदत संपून निकालात निघाले. ज्यांनी हळदीसाठी हंबरडा फोडला त्यांनी आता पेरूच्या अरण्यातील शिपीबो-कोनीबो लोकांच्या वेलीवर वेदांच्या नावाने फेरफार नोंदवावा, आणि तोही फी न भरता, हे पाहून माझ्यातला जुना कारकून अस्वस्थ होतो.

पण हे सर्व उपकथानक झाले. ज्या विधानाने माझी झोप उडवली ते पाचवे: अनुभव हेच प्रमाण. याला मी सहजी सोडणार नाही.

न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगतो, की मी डोळ्यांनी पाहिले. त्यास कोणी असे म्हणत नाही की तू खोटारडा आहेस. त्यास विचारतात, की उजेड किती होता, अंतर किती होते, आधी काय प्याला होतास? साक्षीदार जर म्हणू लागला की जो त्या वेळी बांधावर हजर नव्हता त्याने मला प्रश्न विचारू नये, तर कोर्ट त्यास खाली उतरवील. याहून मौजेची गोष्ट अशी, की निकाल देण्याचा अधिकार ज्याला असतो तो न्यायाधीश नेमका तोच असतो जो घटनास्थळी हजर नव्हता. तो हजर असता तर साक्षीदार झाला असता आणि ते प्रकरण त्याच्यापुढे चाललेच नसते. गैरहजेरी ही निर्णयाची अपात्रता नसून पुष्कळदा तीच पात्रता असते. आणि ज्या साक्षीला विरुद्ध जाणारा कोणताही साक्षीदार 'शरण न गेलेला' ठरतो, ती साक्ष खरी असो वा खोटी, तिचा उपयोग शून्य. कारण जी कोणत्याही परिस्थितीत खोटी पडूच शकत नाही तिने काही सांगितले असेच म्हणता येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी प्रत्यक्षाला प्रमाणांत अग्रस्थान दिले, हे वक्ते सांगतात ते खरे आहे. पण त्याच शास्त्रकारांनी प्रत्यक्षाच्या उंबरठ्यावर केवढा पहारा बसवला आहे! कावीळ झालेल्यास शंख पिवळा दिसतो. त्याला तो खरोखरच पिवळा दिसतो, त्याच्या प्रामाणिकपणात तसूभर कमी नाही, आणि तरीही शंख पांढराच असतो. अंधुक प्रकाशात वाटेवर पडलेली दोरी साप होते, मनुष्य दचकतो, त्याला घाम फुटतो. घाम खरा, भीती खरी, साप खोटा. या काढ्याने बहुतेकांना साप दिसतात, हे जाणकार सांगतात आणि मीही सांगतो. आणि त्याचे नाव दोरी आहे! शतकानुशतके आपल्या पाठशाळांतून जो दृष्टान्त मुखोद्गत करवला तो जणू याच प्रसंगासाठी होता, आणि वेदान्ताचे नाव दर दोन वाक्यांनी घेणाऱ्या वक्त्यांना तोच नेमका आठवू नये! त्यांना दिसलेला साप ही कुंडलिनी होती. कोणी परदेशी विद्वान त्याच सापांच्या वेटोळ्यांत डीएनएची पिळलेली शिडी पाहतो. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात १९३०च्या सुमारास ज्या रायमुंदु इरिनेउ सेर्रा यांनी या पेयाभोवती सांतू दाइमी नावाचा ख्रिस्ती वळणाचा पंथ उभारला त्यांना अरण्याची राणी दिसली, आणि ती कुमारी मेरी म्हणून पूजिली गेली. तिघेही निःशंक, तिघेही कृतार्थ, तिघेही शपथेवर. एकाच गुन्ह्याच्या तीन साक्षीदारांनी तीन वेगवेगळे आरोपी ओळखले तर फौजदार काय करतो ते मी पाहिलेले आहे.

आता माझी स्वतःची साक्ष देतो, आणि उलटतपासणीही माझी मीच घेतो.

माझी धाकटी कन्या आणि जावई नोकरीनिमित्त लिमा शहरी होते. पत्नी गेल्यावर त्यांनी मला तिकडे नेले, आणि माझे न जेवणे, न बोलणे पाहून कोणाच्या तरी सांगण्यावरून जावयाने हा बेत काढला. मी गेलो, कारण नाही म्हणण्याचाही तेव्हा कंटाळा आला होता. नदीकाठची ती गोल झोपडी, जिला तिकडे मालोका म्हणतात, ताडाच्या पानांनी शाकारलेली होती. भिंतीच्या कडेने बारा गाद्या, आणि प्रत्येक गादीच्या उशाशी एक प्लॅस्टिकची बादली. माझी निळी होती. तिच्या कडीला सुतळी बांधलेली होती. तीन दिवस आधीपासून मीठ, साखर, तिखट, तेल बंद. शिपीबो जमातीचा एक ठेंगणा म्हातारा, पायांत रबरी चपला, पाण्याच्या जुन्या बाटलीतून तपकिरी, दाट काढा छोट्या पेल्यात ओती, त्यावर मापाचो नावाच्या उग्र तंबाखूचा धूर फुंकी आणि पेला हातात देई. चव सांगायची तर करपलेली चिंच आणि गंजलेला खिळा एकत्र उगाळल्यासारखी. मग दिवा विझवला.

पाऊण तास काही नाही. बेडकांचा गजर, कोणाचे तरी खोकणे. मग डोळे मिटले तरी आणि उघडले तरी सारखीच, ठिपक्यांच्या रांगोळीतून रांगोळी फुटत जावी तशी नक्षी, तिच्यातून साप, आणि पोटातून जे उसळले त्यास तिकडे 'ला पुर्गा' म्हणजे शोधन म्हणतात. आपले वैद्य वमन म्हणतील. बादलीला दोन्ही नावे मान्य होती. त्या अंधारात म्हातारा गाऊ लागला. या गाण्यांना इकारो म्हणतात. आवाज बारीक, उंच, वयाला न शोभणारा. तो एकेका गादीपाशी सरकत येऊन बसे आणि त्या एकट्या माणसापुढे गाई. पलीकडे एक बाई किंचाळली. तो घाई न करता उठला, तिच्याजवळ गेला, आणि दहा मिनिटांनी ती नुसती मुसमुसत होती.

तिसऱ्या रात्री मला माझे वडील दिसले. नाना जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. ते आमच्या वाई तालुक्यातल्या घराच्या देवघरात उभे होते, अंगात बाराबंदी, आणि नेहमीच्या त्रासिक आवाजात म्हणाले, "आमराईचे खरेदीखत फडताळात तिसऱ्या फळीखाली आहे. लाल बासनात. किती वेळा सांगायचे?" त्या वेळी मला जी खात्री वाटली तिची तुलना मला कशाशीही करता येत नाही. आज मी हे लिहीत आहे याची मला जेवढी खात्री आहे त्याहून ती अधिक होती. वक्ते ज्याला स्वयंप्रमाण म्हणतात ते हेच, आणि त्याची गोडी मी नाकारीत नाही.

त्या आमराईची हकिकत अशी. तिच्या ओढ्याकडच्या पट्टीतली पाच झाडे आमच्या खरेदीत येतात की नाहीत यावरून मी आणि माझे थोरले बंधू अण्णा नऊ वर्षे बोलत नव्हतो. मूळ खत सापडत नव्हते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्ज केला, फी भरली, की नोंदलेल्या खताची नक्कल मिळते, हे पस्तीस वर्षे शेकडो पक्षकारांना मीच सांगत आलो. मला स्वतःला तो अर्ज करण्याचे सुचले नाही. सुचले नाही हे खोटे. केला असता तर भांडण संपले असते, आणि बहुधा मी हरलो असतो.

सकाळी दुभाष्याकरवी मी म्हाताऱ्याला विचारले, की वडील बोलले ते खरे मानावे का? तो दोऱ्यांच्या झोळीत आडवा पडून तंबाखू ओढीत होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि जे सांगितले ते दुभाष्याने मला असे कळवले: "तुझ्या बापाला मी ओळखत नव्हतो. घरी जाऊन बघ."

मी घरी जाऊन पाहिले. अण्णांनी दार उघडले आणि काही न बोलता बाजूला झाले. मी सरळ देवघरात गेलो, फडताळ उघडले, आणि उभाच राहिलो. त्याला फळ्या दोनच होत्या. खाली १९७२ सालचे एक पंचांग, गंजलेला अडकित्ता आणि वाती. अण्णा पाठीमागून म्हणाले, "काय शोधतोस?" मी सगळे सांगितले; काढ्यासकट. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, या फडताळाला तिसरी फळी होती कधी? ते नानांनी स्वतः करून घेतले होते." आतून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आधी चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस. टी.ने तालुक्याला गेलो आणि अर्ज केला. नक्कल मिळाली तीत चतुःसीमा स्वच्छ लिहिलेली होती. ओढ्याकडची पाच झाडे आमच्या खरेदीत नाहीत. अण्णा बरोबर होते.

वक्ते हे ऐकून म्हणतील, पाहा, वनस्पतीने तुम्हाला भावाकडे पोहोचवले! हा युक्तिवाद मी ओळखून आहे. माझ्या तरुणपणी आमच्या आळीत प्लँचेटची साथ आली होती तेव्हा पाटीवरचे उत्तर बरोबर आले की आत्मा सत्यवादी, चुकले की आत्मा विनोदी, असाच हिशेब असे. माझे उत्तर इतकेच, की ज्या साक्षीदाराच्या खोट्या जबानीमुळे पोलीस योग्य गल्लीत शिरले त्याची जबानी त्यामुळे खरी होत नाही. फळी नव्हती. माझी खात्री शंभर नंबरी होती आणि फळी नव्हती. जो मनुष्य एवढ्या खात्रीने एका लाकडी फळीबाबत चुकू शकतो त्याने त्याच रात्रीच्या, त्याच पेल्याच्या, त्याच खात्रीच्या जोरावर विश्वाच्या घडणीविषयी सभागृहे भरवू नयेत.

खंडन येथे पुरे करतो. मग तुम्ही मांडता काय, असे कोणी विचारील. मांडायला माझ्याजवळ फार नाही, हे कबूल.

वक्त्यांनी ज्यास पसारा म्हणून झाडून टाकले तेच मला या प्रकरणातले मोलाचे अंग वाटते. अॅमेझॉनच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी जुनी रीत अशी होती की काढा वैदू पिई आणि रोगी नुसता पडून राही. तेव्हा 'प्या आणि स्वतःचे वैद्य व्हा' हा धडा अरण्याचा नसून पाहुण्यांचा आहे. त्या अरण्यातही ही वेल केवळ प्रेमळ माता नाही. शत्रूवर अदृश्य बाण सोडणे आणि ते उपटणे, करणी करणे आणि उतरवणे, हीही तिचीच कामे समजली जातात, आणि म्हणूनच तिच्याभोवती पथ्याचे, गाण्याचे आणि अनुभवी माणसाचे कुंपण आहे. पेरूच्या सरकारने २००८ साली राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जे जाहीर केले ते अरण्यातील आदिवासींचे या वेलीविषयीचे पारंपरिक ज्ञान आणि तिचा पारंपरिक उपयोग, पेला नव्हे. ब्राझीलने २०१० साली नियम केले त्यांत धर्मविधीत हे पेय घेण्यास मोकळीक आहे, त्याच्या व्यापारास नाही. त्याच देशात औषधांना दाद न देणाऱ्या खिन्नतेच्या २९ रुग्णांवर रीतसर प्रयोग झाला. निम्म्या लोकांना हा काढा, निम्म्यांना तसाच कडू पण निःसत्त्व काढा. सातव्या दिवशी पहिल्यांतल्या शेकडा ६४ जणांना लक्षणीय उतार पडला होता, दुसऱ्यांतल्या शेकडा २७ जणांना. आकडा लहान आहे, पण हा पुरावा आहे, कारण तो अशा माणसांनी तपासला ज्यांनी त्या रात्री काढा घेतला नव्हता.

माझी सूचना अगदी कारकुनी आहे. जमिनीच्या खतात चतुःसीमा नसेल तर तो व्यवहार पुढे वादात सापडतो. तसेच, जो कोणी तिकडून येईल त्याने सभा घेण्याआधी महिनाभर थांबावे, दिसलेल्यांपैकी ज्या गोष्टी तपासून पाहता येतील त्या कागदावर उतरवाव्या, आणि ज्याने काही घेतलेले नाही अशा एखाद्या अण्णाच्या हाती तो कागद द्यावा. जे उरेल ते जपावे. माझ्या कागदावर तीन रात्रींनंतर उरले ते असे: अंधारात एक म्हातारा मनुष्य अनोळखी माणसांसमोर आळीपाळीने बसून पहाटेपर्यंत गात होता, आणि कोणी एकटे पडू नये म्हणून जागत होता. पत्नीच्या आजारात शेवटच्या रात्री मी असाच जागलो नव्हतो. मला झोप लागली होती. ते मला त्या गाण्यात आठवले, आणि ते मात्र खरे होते, कारण ते मला काढा घेण्यापूर्वीही माहीत होते.

वक्त्यांनी सभा संपल्यावर माझ्याजवळ येऊन, पुन्हा एकदा जा आणि या वेळी संपूर्ण शरण जा, असा सल्ला दिला. त्यांचा हेतू चांगला होता. मी त्यांना उत्तर दिले नाही. त्या म्हाताऱ्याचेच शब्द जिभेवर आले होते, पण ते स्पॅनिशमधून दुभाष्याने सांगितलेले, आणि मूळ शिपीबो शब्द काय होते ते मी ऐकूनही विसरलो होतो. ऐकीव पुरावा मी सभेत दाखल करीत नाही. येथे लेखात केला आहे. वाचकांनी त्याची किंमत तेवढीच धरावी.